एक कम्प्युटर, चोवीस मुलं: वाटून घेण्याची रीत

(कोयनानगर इथे शिक्षक आणि पालकांपुढे केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी मला फोनवर विचारलं, "सर, विषय काय लिहू?" मी म्हटलं, "एक कम्प्युटर, चोवीस मुलं." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे ना?" (हशा) खरं आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. कम्प्युटर मला साठीनंतर कळायला लागला, आणि अजून पुरता कळलेला नाही. पण निवृत्तीनंतर एका लहान शाळेत मदतीला जायला लागलो आणि तिथे जो प्रश्न समोर आला, तो माझ्याच विषयातला निघाला. 'माझं' म्हणजे काय, 'आपलं' म्हणजे काय, आणि दोन्हींची राखण कोणी करायची, हा तो प्रश्न. शाळेचं नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात दोष कोणा एकाचा नव्हता, आणि माझा त्यात वाटा होताच.

पाचवी ते सातवी मिळून चोवीस मुलं. देणगीतून आलेला एक कम्प्युटर. आला तसा आम्ही टेबलावर मांडला, बटण दाबलं, चालू झाला. आम्ही खूश. बटण दाबलं की थेट स्क्रीन उघडायचा, ना नाव विचारायचा ना पासवर्ड. आम्हाला वाटलं, किती सोपं!

सातवीतल्या एका मुलीनं आजीकडून ऐकून एक यादी केली होती. त्यांचं जुनं गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेलं. त्या गावच्या शेतांची नावं, कुठलं शेत कोणाच्या शेजारी, कुठे आंब्याचं झाड होतं, हे तिनं चार आठवडे मिळेल त्या वेळात टाइप केलं. फाइलला नाव दिलं 'प्रकल्प'. आता प्रकल्प तर सगळ्याच मुलांना दिला होता. दुसऱ्या एका मुलानं आपलं लिखाण सेव्ह करताना तेच नाव दिलं. कम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का? मुलानं 'होय' दाबलं. आपणही तेच दाबतो. समोर काहीतरी प्रश्न आला की होय दाबायचं आणि पुढे जायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं फाइल उघडली, तर आत त्याचा 'पर्यावरण' निघाला. तिनं भांडण केलं नाही. मला एवढंच म्हणाली, "सर, वहीत लिहिलं असतं तर बरं झालं असतं."

मंडळी, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. वहीवर नाव असतं. वही दप्तरात असते. वहीवर दुसऱ्यानं लिहिलं तर ते दिसतं. आम्ही हजारो रुपयांचं यंत्र आणलं आणि पंधरा-वीस रुपयांची वही जे देते ते त्यात ठेवायला विसरलो.

ही चूक फार जुनी आहे

आपल्याला वाटतं, कम्प्युटर म्हणजे 'पर्सनल' वस्तू, एका माणसाची. सुरुवात तशी नव्हती. कम्प्युटर जन्मला तोच सामाईक म्हणून. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा कम्प्युटर सुरू झाला. तो एकच, आणि अनेक संशोधक पाळीपाळीनं आपापली गणितं त्यावर करून घ्यायचे. जगभर तसंच चाले. आपलं काम द्यायचं, रांगेत थांबायचं, उत्तर नंतर मिळायचं.

मग अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एक वेगळी व्यवस्था करून दाखवली. तिचं नाव सीटीएसएस. यंत्र एकच, पण त्याला अनेक टंकयंत्रं जोडलेली. कम्प्युटर पहिल्याचं थोडं काम करतो, लगेच दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, आणि सेकंदाच्या काही अंशात पुन्हा पहिल्याकडे येतो. प्रत्येकाला वाटतं, यंत्र माझ्या एकट्यासाठीच चाललंय. आता इतकी माणसं एका यंत्रात आली म्हटल्यावर प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवायला हव्यात. म्हणून नाव आणि पासवर्ड आले. आपण आज जो पासवर्ड म्हणतो, त्याचा जन्म तिथला.

आता गंमत ऐका. त्याच सीटीएसएसवर साठच्या दशकात एक घोटाळा झाला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी, एकाच जागेत काम करत होते. एक जण सगळ्यांसाठीची रोजची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची यादी दुरुस्त करत होता. लिहिण्याचा प्रोग्राम कच्च्या फाइलला नेहमी तेच एक नाव द्यायचा. दोघांच्या कच्च्या फाइलींची अदलाबदल झाली. आणि त्या दिवशी जो जो लॉगिन करील त्याच्यासमोर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड! (हशा) कोर्बाटोंनी स्वतःच हा किस्सा ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारतानाच्या भाषणात सांगितला.

का सांगतोय हे? एमआयटीमधल्या त्या तज्ज्ञांची आणि आमच्या सातवीतल्या दोन मुलांची चूक एकच आहे. दोन माणसं, एक जागा, एक नाव. हुशारीचा यात संबंध नाही. व्यवस्था तशी असेल तर हे होणारच.

ॲरिस्टॉटलनं प्लेटोवर टीका करताना एक मुद्दा मांडला आहे. जी गोष्ट जास्तीत जास्त लोकांची सामाईक असते, तिची काळजी कमीत कमी घेतली जाते. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. पण म्हणून सामाईक काही ठेवूच नये का? आपल्याला ते परवडणारही नाही. आपल्याकडे कम्प्युटर एकच आहे.

काही जणांनी दुसरं टोक धरून पाहिलं आहे. 'एका मुलाला एक लॅपटॉप' या कल्पनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैरात इथे झाला. कल्पना सुंदर, पण प्रत्येक वाडीवस्तीवर ती पोचलेली नाही. पोचेपर्यंत तुमच्या-माझ्या मुलांची शाळा संपून जाईल. तेव्हा जो एक आहे, तो नीट वाटून घेणं हाच आजचा धडा.

मी त्याचे चार भाग करतो. खोली, चावडी, पाळी आणि किल्ली.

खोली: प्रत्येकाचं स्वतंत्र खातं

विंडोज असो की लिनक्स, कम्प्युटरच्या आत प्रत्येक वापरणाऱ्यासाठी वेगळी खोली करता येते. तिलाच यूजर अकाउंट म्हणतात. आपण खातं म्हणू. त्या खोलीत त्याच्या फाइली, त्याच्या स्क्रीनवरचं चित्र, त्याचा कीबोर्ड. एक मूल इन्स्क्रिप्टनं मराठी लिहितं, दुसरं फोनेटिकनं. दोघांनी आपापल्या खात्यात आपली सोय लावली की रोजचं "कोणी कीबोर्ड बदलला?" हे संपतं.

विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडा, त्यात अकाउंट्स, त्यात अदर यूजर्स, तिथे ॲड अकाउंट. तो लगेच ईमेल मागतो. घाबरू नका. 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' अशा अर्थाची एक ओळ खाली बारीक अक्षरात असते, ती दाबा. मग 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर जोडा' अशी ओळ येते, ती दाबा. हे झालं स्थानिक खातं. इंटरनेट नको, ईमेल नको. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या नावानं ईमेल काढत बसण्याचं काही कारण नाही.

आता अनुभवातून शिकलेल्या चार बारीक गोष्टी.

पहिली. खात्याला नाव काय द्यायचं? आम्ही आधी हजेरी क्रमांक दिला. जूनमध्ये वर्ग बदलला, क्रमांक बदलला, सगळा गोंधळ. मग जनरल रजिस्टरचा नंबर दिला. तो मूल शाळेत असेपर्यंत बदलत नाही. खातं काढताना फक्त इंग्रजी अंक-अक्षरं वापरा, आणि नंतर दिसण्यापुरतं नाव मराठीत बदला. आतल्या फोल्डरला जुनंच नाव राहतं. ते बरं, कारण काही जुने प्रोग्राम देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी अडतात.

दुसरी. पासवर्ड. खातं काढताना पासवर्ड दिलात की विंडोज तीन गुप्त प्रश्न विचारतो. तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय, तुमचा जन्म कुठल्या गावात झाला... आता वाडीत हे गुप्त कोणाला? (हशा) अख्ख्या वर्गाला मोत्या माहीत असतो. म्हणून खातं काढताना पासवर्डची जागा मोकळी सोडा, प्रश्न विचारलेच जात नाहीत. मग मूल पहिल्यांदा आत गेलं की त्यालाच स्वतःच्या हातानं पासवर्ड ठेवू द्या. अंकांचा ठेवा. लॉगिनच्या वेळी कीबोर्ड मराठीत आहे की इंग्रजीत, यात लहान मुलं अडकतात. आणि अंक निवडताना स्वतःची जन्मतारीख नको, ती वर्गात सगळ्यांना पाठ असते.

तिसरी. नव्या खात्यात पहिल्यांदा शिरताना कम्प्युटर काही मिनिटं घेतो, आत खोली मांडत असतो. चोवीस मुलांच्या चोवीस पहिल्या वेळा तासाला काढू नका. शनिवारी शाळा सुटल्यावर एकेक खातं उघडून ठेवा.

चौथी, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. काम झालं की 'साइन आउट' करायचं. 'स्विच यूजर' नाही. दोन्हींत फरक काय? साइन आउट म्हणजे दिवा मालवून, दार ओढून बाहेर. स्विच यूजर म्हणजे दिवा, पंखा, रेडिओ सगळं चालू ठेवून बाहेर. त्या मुलाचे प्रोग्राम मेमरीत तसेच राहतात. चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर पाच मुलं अशी उठून गेली की सहाव्याच्या वेळी कम्प्युटर रांगतो. आणि आपण म्हणतो, देणगीचा माल आहे, असाच असणार!

चावडी: सगळ्यांची जागा

पण नुसत्या खोल्या बांधल्या की गाव होत नाही. मुलांनी एकमेकांचं वाचावं, दाखवावं, एकत्र मिळून काही करावं, म्हणून तर शाळा. तेव्हा एक सामाईक फोल्डर हवा. विंडोजमध्ये 'पब्लिक' नावाचा असतोच. आमच्याकडे मुलांनी त्याला चावडी म्हणायला सुरुवात केली.

चावडीचा नियम एकच. मूळ आपल्या खोलीत, चावडीवर प्रत. पब्लिक फोल्डरमध्ये दुसऱ्याच्या फाइलला हात लागू शकतो. लागला तरी मूळ शाबूत राहतं. फाइलच्या नावात आपलं नाव आणि तारीख घालायची. 'प्रकल्प' हे नाव आमच्या शाळेत आता बंद आहे.

लिनक्समध्ये याची आणखी नेटकी सोय आहे. तिथे एखाद्या फोल्डरवर असा गुण लावता येतो की त्यात फाइल कोणीही ठेवावी, पण काढणं किंवा नाव बदलणं हे ज्याची फाइल त्यानंच. त्याला 'स्टिकी बिट' म्हणतात. राखणदार तेवढा अपवाद. तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला याचं फार कौतुक वाटलं. फोल्डर सगळ्यांचं, आतली वस्तू ज्याची त्याची, हे दोन्ही एकाच वेळी खरं! आपल्याकडे नव्यन्यायात रघुनाथ शिरोमणींनी 'स्वत्व', म्हणजे एखादी वस्तू कोणाचीतरी असणं, हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. वस्तूकडे कितीही निरखून पाहा, ती कोणाची हे तिच्या रंगात, आकारात दिसत नाही. फाइलचंही तसंच आहे. आतला मजकूर तुम्हाला सांगणार नाही की ती त्या मुलीची होती. ते वेगळं नोंदवून ठेवावं लागतं. खातं म्हणजे ती नोंद.

पाळी: वेळ कसा वाटायचा

आता हिशेब करू. आठवड्याचे सहा दिवस, रोज चाळीस मिनिटांचा एक तास. झाली २४० मिनिटं. मुलं चोवीस. एकेकट्याला बसवलं तर आठवड्याला दहा मिनिटं. त्यातली दोन लॉगिन आणि साइन आउटमध्ये गेली. उरली आठ. आठ मिनिटांत मूल काय करणार? पाळी फार लहान केली की बदलाबदलीतच वेळ जातो. मोठ्या कम्प्युटरच्या आत प्रोग्रामना पाळ्या देताना नेमकी हीच अडचण येते.

जोडी केली तर वीस मिनिटं. तिघांचा गट केला तर तीस. पण तिघांत माउस कोणाच्या हातात? प्रामाणिकपणे सांगा, कोणाच्या असतो? जो धीट, जो मोठा, बहुतेक वेळा मुलगा. मुली मागे उभ्या राहून बघतात. याच निरीक्षणावरून बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातल्या उदय सिंह पवार, जॉयजीत पाल, केंटारो टोयामा आदींनी एक प्रयोग केला. एका कम्प्युटरला अनेक माउस जोडायचे आणि स्क्रीनवर प्रत्येक मुलाचा स्वतःचा बाण. नुसते दोन माउस जोडून हे होत नाही हं, त्याला वेगळा प्रोग्राम लागतो, नाहीतर दोन्ही माउस एकच बाण ओढत बसतात. ग्रामीण भागातल्या २३८ मुलांबरोबर केलेला त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. शब्द लक्षात ठेवण्यासारख्या कामात अनेक माउसची ही रचना 'एका मुलाला एक माउस, एक कम्प्युटर' या रचनेच्या तोडीस तोड ठरू शकते, असं त्यांना दिसलं. आणि जिथे सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही असा नियम होता, तिथे मुलग्यांची नुसती दाबादाबीची शर्यत कमी झाली. यंत्र तेच, पण नियम बदलल्यावर मुलांचं वागणं बदललं.

तो प्रोग्राम आमच्याकडे नव्हता. आम्ही काय केलं? जोडी केली, आणि वीस मिनिटांचे दोन भाग. दहा मिनिटं पहिल्याच्या खात्यात, दहा दुसऱ्याच्या. ज्याचं खातं उघडं, त्याच्याच हातात माउस. दुसऱ्यानं कागद-पेन घेऊन सांगायचं, चुका दाखवायच्या, पण हात लावायचा नाही. इथे खात्याचा आणखी एक उपयोग कळला. स्क्रीनवर वर नाव कोणाचं आहे ते दिसतं. "आत्ता माझी पाळी" हे सांगायला मुलीला ओरडावं लागत नाही, कम्प्युटरच सांगतो. लॉगिन दोनदा होतं, तेवढी तीन-चार मिनिटं जातात. ती किंमत आम्ही मोजली.

पाळी हा शब्द आपल्याला पाटाच्या पाण्यामुळे माहीत आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. पाटकरी पाणी फिरवतो, जागल्या राखण करतो, आणि नियम शेतकऱ्यांचेच. सरकारी कालव्यांवर शेजपाळी असते, तीत पाणी शेवटच्या शेतापासून सुरू करून वर आणायचं. का? वरच्याला आधी दिलं तर खालच्यापर्यंत पोचतच नाही. आम्ही तेच केलं. पाळ्यांची यादी पटावरच्या शेवटच्या नंबरापासून सुरू. शिवाय जे मूल गैरहजर राहिलं त्याची पाळी बुडत नाही, शनिवारी मिळते. आमच्याकडे पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडच्या वाडीची मुलं येऊच शकत नाहीत. त्यांचा काय दोष?

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जगभरातली सामाईक कुरणं, जंगलं, पाणीवाटप यांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचं सांगणं थोडक्यात असं, की सामाईक गोष्ट नासतेच असं नाही. ती टिकते कुठे? कोणाचा हक्क आहे हे स्पष्ट असतं, वापरणारेच नियम करतात, देखरेख असते, चुकणाऱ्याला शिक्षा आधी सौम्य असते आणि भांडण मिटवायला जवळच जागा असते, तिथे. आमचे नियम मुलांनी केले. पहिल्यांदा दुसऱ्याच्या पाळीत घुसलं तर माफी. दुसऱ्यांदा घुसलं तर एक आठवडा यादी लिहिण्याचं काम. मी तीन नियम सुचवले होते, त्यातले दोन मुलांनी खोडले. (हशा)

आणि मुलं पळवाटा काढणारच, त्याचा फार राग धरू नका. सीटीएसएसवर ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला चारच तास मिळायचे. त्याला पुरेनात. १९६२ साली त्यानं यंत्राकडूनच पासवर्डची सगळी यादी छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वेळात काम केलं! जगातली ही बहुधा पहिली पासवर्डचोरी. आणि ती कशासाठी? पैशासाठी नाही, गुपितासाठी नाही. पाळी वाढवून मिळावी म्हणून.

किल्ली: राखणदार कोण

शेवटचा भाग. प्रत्येक कम्प्युटरमध्ये एक खातं असं असतं की ते कुठल्याही खोलीत शिरू शकतं, पासवर्ड बदलू शकतं, खोली पाडूही शकतं. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात, लिनक्समध्ये रूट. मुलांची सगळी खाती 'स्टँडर्ड' प्रकारची ठेवा, ॲडमिन एकच. आणि गुरुजींनीही आपलं रोजचं काम ॲडमिनमधून करू नये. स्वतःसाठी वेगळं साधं खातं काढावं. किल्ली रोज हातात घेऊन फिरलं की एक दिवस चुकीचं दार उघडतं. ॲडमिनचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. एका शिक्षकाची बदली झाली आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला, असं व्हायला नको.

पण त्या किल्लीचा अर्थ काय? पूर्वमीमांसेत एक सुरेख चर्चा आहे. विश्वजित यज्ञात यजमानानं आपलं सर्वस्व दान करायचं असतं. मग प्रश्न आला, राजानं यज्ञ केला तर त्यानं पृथ्वीही दान करायची का? जैमिनींच्या सूत्रांचं उत्तर आहे, नाही. पृथ्वी सगळ्यांची सारखीच आहे. राजाचं काम तिची राखण करणं. राखतो म्हणून ती त्याची होत नाही.

ॲडमिन म्हणजे हा राजा. मला किल्लीनं प्रत्येक मुलाची खोली उघडता येते. पण मी सहज म्हणून मुलीची लिहिलेली गोष्ट उघडून वाचली, तर मी राखणदार राहिलो नाही. आमच्याकडे नियम आहे: खातं उघडायचं तर मुलाच्या समोर. विसरलेला पासवर्ड बदलायचा, तोही त्याच्यासमोर. काही गंभीर शंका असेल तर दोन शिक्षकांनी मिळून. आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं, की किल्ली आमच्याकडे आहे, आणि ती आम्ही कधी वापरू ते हे असं. खोटी गुप्तता सांगू नका.

राखणदाराचं दुसरं काम प्रती ठेवण्याचं. दर शनिवारी सगळ्या खात्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. अशा दोन डिस्क ठेवा. एक शाळेत, एक मुख्याध्यापकांच्या घरी, आळीपाळीनं. कोयनानगरला हे जास्त सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना ठाऊक आहे की सगळं एकाच छपराखाली ठेवू नये. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून बघा. न उघडलेली प्रत ही नुसती आशा असते.

विजेचंही सांगतो. आपल्या कोयनेची वीज १९६० मेगावॉट, आणि वाडीवर दुपारी दिवे जातात! (हशा) छोटा यूपीएस घ्या. तो पाच-दहा मिनिटंच टिकतो. मुलांना शिकवा: शिट्टी वाजली की सेव्ह, साइन आउट, मग बाकीचं.

माझं म्हणणं इतकंच. वाटून घ्यायचं म्हणजे मधे टाकून ठेवायचं नव्हे. प्रत्येकाची जागा ठरवायची, सगळ्यांची जागा ठरवायची, पाळी ठरवायची आणि किल्लीवाल्याची मर्यादा ठरवायची. एका शनिवार-रविवारचं काम आहे.

प्रश्नोत्तरं

एक शिक्षिका: सर, आमच्याकडे तीनशे मुलं आहेत. तीनशे खाती कशी काढणार?

नका काढू. वर्गाला एक खातं काढा आणि आत प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर. पण मनात स्पष्ट ठेवा, एकाच खात्यातल्या फोल्डरला कुलूप नसतं, फक्त पाटी असते. म्हणून तिथे प्रती जास्त वेळा घ्या. आणि ज्या मुलांचं लिखाण मोठं चाललंय, त्यांना वेगळं खातं द्या.

एक पालक: एका डब्याला दोन स्क्रीन, दोन कीबोर्ड लावून दोन मुलं एकदम बसवता येतात म्हणे?

येतात. लिनक्समध्ये ती सोय आहे, 'मल्टिसीट' म्हणतात. दुसऱ्या स्क्रीनसाठी सहसा वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि बसवायला जाणकार माणूस लागतो. माणूस मिळाला तर जरूर करा, पाळी दुप्पट होईल. पण तिथेही दोघांची खाती वेगळी हवीतच, म्हणजे सुरुवात खोलीपासूनच.

दुसरे पालक: आता घरोघर मोबाइल आहे. एका कम्प्युटरचं एवढं का?

काका, मोबाइल कोणाचा? तुमचा. मुलाला तो संध्याकाळी मिळतो, तुमचे फोन येईपर्यंत. तोही सामाईकच झाला, फक्त पाळी ठरलेली नाही. आणि त्यात मुलाचं म्हणून काही साठतं का, तेवढं बघा.

मागच्या रांगेतून: सर, त्या मुलीच्या यादीचं पुढे काय झालं?

तिनं पुन्हा केली. आजीजवळ बसून, पहिल्यापासून. या वेळी स्वतःच्या खात्यात, आणि वहीतही. पहिल्या यादीत सतरा शेतांची नावं होती असं ती सांगते. दुसऱ्या वेळी आजीला चौदाच आठवली.